उसवलेले पडदे

पडदा वर जातो आणि रंगमंचावर दिसतो आणखी एक पडदा! गडद हिरवा, आतून ऊन रोखणारा जाड थर दिलेला, शिलाई मशीनवरून ओघळून फरशीभर पसरलेला. मागे कपडे धुण्याची यंत्रं घरघरताहेत. खोलीला खिडकी नाही, छताला ट्यूबलाइट. शेजारी एक रिकामं स्टूल आहे. त्यावर बसणाऱ्या पात्राने अजून प्रवेश केलेला नाही. आणि मशीनवर, गळ्यात टेप आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हे आपले मास्तर.

उभी हयात लोकांची मापं घेण्यात गेली. बायको गेली, मागोमाग दुकान बंद झालं, आणि आता उतारवयात पहिल्यांदा विमानात बसून ते परक्या देशातल्या या लॉजवर पडदे शिवायला आले होते. पगार नाही. सकाळभर काम, बदल्यात खोली आणि जेवण.

ही सोय लेकीने मोबाइलवर शोधली होती. "बाबा, जग बघून या की जरा! तीन महिने मजेत जातील," ती म्हणाली होती. नातीचं परीक्षेचं वर्ष होतं. घर दोन खोल्यांचं. मास्तरांची कॉट हलली की तिथे अभ्यासाचं टेबल बरोब्बर बसत होतं. मास्तरांना मापं कळत होती. त्यांनी मुकाट्याने बॅग भरली.

लॉजची मालकीण भली बाई, पण तिची भाषा मास्तरांना येईना आणि यांची तिला. मध्ये दुवा एकच, आचारी. तो मास्तरांच्याच मुलखातला, बरीच वर्षं इकडे मुरलेला. येता-जाता दारातून टोमणा मारायचा, "मास्तर, मशीन चालवताय की शर्यतीत पळवताय?"

"हात ऐकत नाहीत रे."

"मग त्यांना दोन दिवस सुट्टी द्या!" की गेला भाजी परतायला.

जेवणाचं टेबल हे लांबच्या लांब. पण पाहुणे रोज नवे. काल ज्याने आपणहून मीठ पुढे केलं, तो आज पुढच्या गावाला गेलेला. मास्तर सगळ्यांकडे बघून हसत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून हसत. दुपारी रस्त्याने फेरी मारत. एखाद्या दुकानाच्या काचेत टांगलेल्या कोटाची बाही कशी झकास बसली आहे, हे सांगायला शेजारी वळत, आणि शेजारी कुणी नाही असं पाहून तसेच पुढे चालू लागत.

सवयीच्या हातांनी निम्म्या मुदतीतच काम आटपत आणलं. आचारी निरोप घेऊन आला, "बाई जाम खूश आहेत. म्हणतात, राहिलेल्या दोन खोल्या झाल्या की तुम्ही मोकळे. तिकीट अलीकडचं करून देतील. घरची आठवण येत असेल ना?"

मास्तरांनी लेकीला फोन लावला. "काम संपत आलं गं. लवकर येऊ म्हणतो."

पलीकडून लेक म्हणाली, "बाबा... तिची परीक्षा व्हायची आहे हो अजून. आता टेबल हलवायचं म्हणजे... तिकडे आणखी काही काम निघतंय का, बघा ना."

"निघेल की! इथे कामाला काय तोटा?"

आणि मास्तरांनी काम काढलं. रिकाम्या खोल्यांतले पडदे उतरवून आणले आणि खालची दुमड ब्लेडने उसवली. ती पुन्हा शिवली, अंमळ बारीक, म्हणजे नवं काम दिसावं. मग पुढच्या खोलीचे. जन्मात ज्यांच्याकडे एक कपडा परत आला नाही, ते मास्तर आपलीच शिवण टाक्याटाक्याने सोडवत बसले. तसल्या जाड थराच्या कापडाला सुईचं भोक एकदा पडलं की बुजत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण ट्यूबलाइटखाली काही दिसत नव्हतं, आणि त्यांनीही फार निरखून पाहिलं नाही.

एका लख्ख सकाळी मालकिणीने मास्तर आणि आचारी दोघांना वरच्या खोलीत बोलावलं. खिडकी जमिनीपर्यंतची, पडदा ओढलेला, खोलीत अंधार. आणि नव्या दुमडीच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उन्हाच्या ठिपक्यांची सरळ रांग.

"मास्तर," आचारी हळूच म्हणाला, "बाई विचारतायत, आधीच्या शिवणीत काय खोट होती?"

मास्तरांनी वाकून भोकांवरून बोट फिरवलं. "खोट कसली? पक्की होती."

"मग उसवली कशाला?"

"घरी टेबल ठेवलंय. माझ्या कॉटच्या जागी. परीक्षा होईस्तोवर."

आचाऱ्याने बाईंना ते सांगितलं. एवढ्याशा वाक्याला त्याला बराच वेळ लागला. बाईंनी मास्तरांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मोजकंच बोलल्या.

"राहा म्हणतात. ठरलेल्या दिवसापर्यंत. काम नसलं तरी चालेल, नुसते बसा."

नुसतं बसायचं! कुठे? त्या लांबलचक टेबलाशी? मास्तरांनी खोलीतली खुर्ची ओढली, वर चढले आणि दांडीवरून पडदा काढायला लागले. उजेड भस्सकन आत आला. पडद्याचा गठ्ठा काखोटीला मारून ते खुर्चीवरून उतरले.

"बाईंना म्हणावं, उपकार आहेत. पण भोकाचं कापड खिडकीला ठेवून मला घास उतरायचा नाही, तेव्हा भोकांवर आतून पट्टी लावून हे सगळे मी नीट करून देतो. आणि तू... सवड झाली की खाली येत जा रे. मशीनपाशी दुसरं स्टूल आहे."