जागं ठेवायची नोकरी

शमशुद्दीन चित्तेवानानं उभ्या आयुष्यात अकरा चित्ते माणसाळवले. दहांना त्यानं रीतसर जागवलं आणि अकरावा त्याच्या डोळ्यांदेखत भर दुपारी झोपी गेला. म्हातारपणी कुणी कामाचं विचारलं, तर त्या दहांबद्दल तो चकार शब्द काढायचा नाही. अकराव्याची गोष्ट मात्र दाढीतल्या दाढीत हसत सांगायचा, आणि ऐकणारा उठून जाऊ लागला तर सदरा धरून त्याला परत खाली बसवायचा.

चित्त्याला जागवणं म्हणजे काय, हे आधी सांगितलं पाहिजे. शाहू महाराजांना गादीवर बसून तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. दरबारात शिकारीचा शौक होता आणि हरणामागं सोडायला चित्ते लागत. रानातून जाळ्यात धरून आणलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवायची, गळ्याला आणि कमरेला दोर लावून त्याला बाजेला बांधायचं, आणि आठ दिवस झोपू द्यायचं नाही. जनावर थकतं, नमतं आणि माणसाच्या आवाजाला सरावतं. या आवाजासाठी चित्तेवानाच्या आळीतल्या बायका त्याच्याजवळ बोलत बसत. नुसतं बोलायचं, दुसरं काम नाही. कोल्हापुरात या कामाला माणूस मिळालं नाही असं कधी झालं नव्हतं.

ते त्या भाद्रपदात झालं. अकरावा चित्ता आला, दोन दिवस बायकांनी त्याचे कान किटवले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी दोन गाड्यांत बसून कबनूरला लग्नाला निघाली. नवरी शमशुद्दीनच्या बायकोची, जुलेखाची भाची. आळीतली बहुतेक घरं एकमेकांची सोयरी, त्यामुळं चित्त्याजवळ बोलत बसणारी कुणीच मागं राहणार नव्हती. शमशुद्दीननं जरा कुरकुर करून पाहिली.

"चित्ता तुम्हारा, भतीजी मेरी," जुलेखा गाडीतूनच म्हणाली, आणि गाडी हलली. शमशुद्दीन कुठल्याच जनावराला भीत नसे, पण जुलेखापुढं त्याचं काही चालत नसे.

रात्रीच्या पाळीला त्याचा हाताखालचा माणूस मौला होता. दिवसाची पाळी एकट्या शमशुद्दीनवर आली. तास-दोन तासांत त्याच्याजवळचं सगळं बोलणं संपलं. चित्त्याला त्यानं आपल्या तीन पिढ्यांची नावं सांगितली, मग गुडघेदुखी सांगितली, आणि तिथं त्याचीच मान डुलायला लागली. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाळी आली.

"बायडे! झोपलीस का गं?"

ही शेजारची धोंडुबाई, सोयरीक नसल्यानं मागं राहिलेली. तिचा आवाज असा, की तिनं चुलीपाशी नवऱ्याला जेवायला हाक मारली तर पागेतली घोडी कान टवकारत. तिचा नवरा आकाराम पागेत कडब्याची गाडी हाकायचा, आणि बायडाबाई ही त्यांची चौदा वर्षांची धाकटी लेक. थोरली आक्का जेठात लग्न होऊन बिद्रीला नांदायला गेली आणि त्या दिवसापासून बायडाची झोप उडाली. रात्र रात्र आढ्याकडं बघत पडायची. दिवसाही डोळा लागत नव्हता. पोरीचं तोंड सुकून गेलं होतं आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं.

आईबापांनी करायचं काही शिल्लक ठेवलं नाही. जायफळ उगाळून दिलं, तळपायांना काशाच्या वाटीनं तूप घासलं, खसखशीची खीर घातली, मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. आणि या प्रत्येक उपायानंतर धोंडुबाई पोरीच्या तोंडावर वाकून विचारायची, झोपलीस का गं? रात्रीत चारदा विचारायची. लागत आलेली झोपसुद्धा त्या आवाजानं गाव सोडून गेली असती, पण आईला हे सांगणार कोण?

शमशुद्दीन उठून शेजारच्या दारात गेला. आकाराम गाडीच्या आसाला वंगण घालत बसला होता.

"पोरगी अजून जागीच?" शमशुद्दीननं विचारलं.

"व्हय चाचा. आता अवसेला न्हेतोय तिला कागलच्या देवरुषाकडं. सांगावा धाडलाय. भायेरचं काय तरी हाय म्हणत्यात सगळी."

तो देवरुषी शमशुद्दीनला ऐकून माहीत होता. मिरच्यांचा धूर आणि ओली छडी, एवढीच त्याची विद्या. गेल्या वर्षी ज्ञानू माळ्याची सून त्याच्याकडून आली, ती महिनाभर कुणाशी बोललीच नाही. ही तर कालपरवापर्यंत त्याच्या दारात सागरगोटे खेळणारी पोर. अवस तीन दिवसांवर आली होती. आकारामाला नको म्हणून सांगावं, तर तो विचारणार, मग तुम्ही काय करता ते सांगा. आणि शमशुद्दीनला तर आयुष्यभर झोप उडवायचीच विद्या येत होती.

तसं मनात आलं आणि तो एकदम म्हणाला, "तवर मला दे की ती. मला जागं माणूस पायजेच हाय, आणि ही आयतीच जागी हाय."

"चित्त्याजवळ? माझी पोरगी?" धोंडुबाई घरातून कडाडली.

"बांधलेला हाय तो, धोंडुबाई. टोपी हाय डोळ्यांवर. आणि तीन दिस तुमचा आवाज ऐकतोय पलीकडनं, त्यो कुठला अंगावर येतोय!"

आईबाप काही ठरवायच्या आत बायडा स्वतःच उठून बाहेर आली. तीन महिने तिच्या जागेपणावर सगळे रडत होते, आणि आज पहिल्यांदा कुणाला तरी तो हवा होता. तिनं पदर खोचला आणि विचारलं, "चाचा, काय करायचं तितं?"

"बोलायचं. लांब बसून. त्यो डुलला की आवाज चढवायचा. तरी ऐकला न्हाय, तर मला हाक मार."

पहिली घटकाभर तिला काही सुचेना. समोर पिवळं, ठिपकेदार जनावर डोळ्यांवर टोपी घालून बसलेलं, शेपटी आपटणारं. शमशुद्दीन म्हणाला, "बोल काय बी. ते काय परीक्षा घेणार न्हाय तुजी." तेव्हा तिनं घसा खाकरला, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "पावणं, जेवलासा काय?"

शमशुद्दीन हसून हसून बेजार झाला. पण तिथून पोरीची जीभ सुटली. तिनं पावण्यांना आळीतली भांडणं सांगितली, कुणाची म्हैस कुणाच्या परड्यात शिरली ते सांगितलं, आक्काच्या लग्नात वरमाय कशी रुसली ते नक्कल करून दाखवलं. चित्ता टोपीखालून कान फिरवून ऐकत होता. संध्याकाळी मौला आला तेव्हा तिला उठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात दिसताच शमशुद्दीननं डोळे वटारले. "रातच्याला झोपली न्हाईस न्हवं?"

"न्हाय."

"शाबास! असं माणूस पायजे मला."

बायडाच्या तोंडावर तीन महिन्यांत पहिल्यांदा रंग आला. घरी जाऊन तिनं आईला ठणकावलं, "मला झोपलीस का म्हणून इचारू नगंस. माजी जागं ऱ्हायाची नोकरी हाय." त्या रात्री धोंडुबाईनं विचारलं नाही. अंथरुणात पडून नुसती पोरीच्या कुशी मोजत राहिली. तीन महिने तिलाही झोप कुठं होती?

तिसऱ्या दिवशी बायडा खाली मान घालून आली. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "चाचा, चूक झाली. पाटं पाटं जरा डोळा लागलाता."

"डोळा लागलाता?" शमशुद्दीन ओरडला. "असं चालायचं न्हाय हां! एकदा सोडतो. फिरून झालं तर बघ!"

आणि तो घाईघाईनं मांस कापायच्या निमित्तानं पाठमोरा झाला, कारण त्याला हसू आवरेना. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. चित्त्याला झोप नको म्हणून छळावं तर तो झोपायला बघतो. या पोरीला झोप झोप म्हणून छळलं आणि ती पळाली. इतकं साधं असूनही तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला ते सुचलं नव्हतं, म्हणून त्यानं मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या. दुपारी तो आकारामाला भेटला, पोरीचा डोळा लागल्याचं सांगितलं आणि कागलला नेऊ नको म्हणाला.

"घटकाभर डोळा लागून काय हुतंय?" आकाराम म्हणाला. त्याचेही डोळे लाल होते. "मला काय हौस हाय व्हय, चाचा? पण पोरगी हातची जाईल माजी. उद्या दुपारी गाडी जुपणार."

अवसेचा दिवस उजाडला. शमशुद्दीनचं सकाळपासून शेजारच्या गाडीकडंच लक्ष होतं. बायडा मात्र रोजच्यासारखी बसली होती. आता ती बाजेला टेकूनच बसायची. चित्ता तिच्याकडून लाकडी पळीतलं लोणी चाटायला लागला होता. शमशुद्दीन दारात पट्टा शिवत होता.

"आनी आक्का असली घोरायची, पावणं," आतून बायडाचा आवाज येत होता, "की भिंतीची माती पडायची. मी लाथा घालायची तिला. एका वाकळंत झोपायचो न्हवं आमी. आता बिद्रीत घोरत असंल."

ती जरा थांबली. आणि त्या शांततेत चित्ता घुरघुरला. रानातून आणल्यापासून पहिल्यांदा. सुखावलेला चित्ता पोटातून जो आवाज काढतो, जाड, सारखा, न थांबणारा, तो खोलीभर भरून राहिला.

"पावणं, झोपू नगा हां," बायडा म्हणाली. मग जरा वेळानं, "झोपू नगा." मग नुसतं, "पावणं..."

शमशुद्दीननं वाकून पाहिलं. बायडा बाजेच्या पायाशी कलंडली होती, तोंड उघडं, एक हात चित्त्याच्या पंज्याजवळ. वर चित्त्याची मान पंज्यांवर टेकली होती. दोघंही गाढ झोपली होती.

चिंधी बांधलेली जागवायची काठी शमशुद्दीनच्या हातात केव्हा आली त्याला कळलंच नाही. तीस वर्षांची सवय. चित्त्याला टोचलं की तो फिस्कारणार, आणि फिस्कारला की पोरगी जागी होणार. त्यानं काठी हळूच खाली ठेवली. अल्लाहची इतकी मेहेरबानी आपल्या पडक्या खोलीत कशी मावली, असं त्याला वाटलं, आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात अंगणात कर्रकर्र आवाज आला. शिकारखान्याचे कारभारी हंबीरराव चित्ता बघायला आले होते. पायात कोरं करकरीत पायताण. त्या पायताणाची करकर ऐकूनच नोकर उभे राहावेत म्हणून ते मुद्दाम आवाजाचं करून घेत. शमशुद्दीन धावत जाऊन आडवा आला आणि ओठांवर बोट ठेवलं.

हंबीररावांनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. "शमशुद्दीन! चित्ता झोपलाय की!"

"हळू, सरकार."

"आठ दिस जागवायचा रिवाज हाय. आज सहावा. उठीव त्याला!"

"न्हाय उठवत," शमशुद्दीन कुजबुजला. तो दारातून हलला नाही. "चित्ता आज झोपला तर उद्यापासनं फिरून आठ दिस जागवीन. ही पोरगी तीन महिन्यांनी झोपलीया, सरकार. आता जागी झाली तर दुपारी कागलला छड्या खायला जाईल. मला कामावरनं काढा, पण तुमचं पायताण आत न्हेऊ नगा."

हंबीरराव मिश्या थरथरवत बघत राहिले. त्यांच्याही घरी लेकी होत्या. मग ते खाली वाकले, पायताण काढून हातात घेतलं, आणि दरबारचा तो कारभारी भर उन्हात अनवाणी, पावलं जपत अंगणातून बाहेर गेला. फाटकात पोचल्यावर मागं वळून, ओरडता येत नाही म्हणून, त्यानं नुसती मूठ दाखवली.

त्यानंतर धोंडुबाई आली. पोरीला न्यायला आली होती, गाठोडं काखेत. दारात तिनं तोंड उघडलं, आणि शमशुद्दीननं पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. पण आवाज आला नाही. ती पोरीच्या उघड्या तोंडाकडं, खाली-वर होणाऱ्या छातीकडं बघत राहिली. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. घटकाभरानं शमशुद्दीननं पाहिलं तर तीही झोपली होती, गाठोडं मांडीवर तसंच.

शेवटी आकारामाची गाडी दाराशी आली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद आळीभर घुमला. शमशुद्दीननं दोन्ही हात हलवून त्याला थांबवलं आणि आत बोट दाखवलं. आकाराम उतरला, दाराशी आला, बघितलं. परत जाऊन त्यानं आधी दोन्ही बैलांच्या गळ्यातल्या घुंगूरमाळा काढल्या, एकही घुंगरू वाजू नये म्हणून पटक्यात गुंडाळल्या, आणि मग बैल सोडले. गाडी त्या दिवशी कागलला गेली नाही, आणि पुन्हाही कधी गेली नाही. पटक्यात गुंडाळलेल्या त्या घुंगूरमाळा पोटाशी धरून तो अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर बसून होता.

बायडा उठली ती दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर आल्यावर. आधी तिला काही कळेना. मग शेजारी आळस देणारा चित्ता दिसला, आणि ती ताडकन उभी राहिली.

"चाचा! मला झोप लागली! पावणं बी झोपलं!"

शमशुद्दीननं भुवया चढवल्या. मौलाला परत धाडून तो स्वतःच रात्रभर दारात बसला होता, त्याचे डोळे चुरचुरत होते, आणि आतून त्याला नाचावंसं वाटत होतं. होता होईल तेवढा घोगरा आवाज काढून तो म्हणाला, "काडली तुला कामावरनं. झोपणारं माणूस मला नगं. जा घरला."

बायडा त्याच्याकडं बघत राहिली आणि मग खदखदून हसली. ते ऐकून बाजेवरच्या पावण्यांनी मान वर केली आणि लोण्यासाठी तिच्या हाताकडं तोंड केलं.