मी तिरल्याला गेलो नव्हतो

आमच्या घराण्यात सही हा मोठा प्रकार. पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते, आजोबाही तिथेच. माझ्यापर्यंत येईतो उरली ती सरकारी शाळेतली मास्तरकी आणि सहीचा रुबाब. धारच्या आमच्या गल्लीत कुणाला रहिवासाचा दाखला हवा, कुणाच्या पोराला चारित्र्याचा दाखला हवा, की पावलं आमच्याकडे वळायची. "माट्साब के दस्तखत हो गए, तो समझो काम हो गया," असं लोक माझ्यासमोरच म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. बायको थट्टा करायची, "तुमच्यापुढे कोरा कागद ठेवला तरी तुम्ही आधी पेन काढाल." मी हसायचो.

गल्लीच्या टोकाला एक शिंपीणबाई राहते. लग्न होऊन देवासहून आली, नवरा लवकर गेला, पिको-फॉल आणि ब्लाउज शिवून तिनं एकुलता एक मुलगा वाढवला. मला दादा म्हणते. तो मुलगा रविवारी माझ्याकडे मराठी वाचायला यायचा. शाळा हिंदी, त्यामुळे त्याला मराठी बोलता यायचं पण वाचताना घाम फुटायचा. 'शाळा' वाचताना हटकून 'शाला' म्हणायचा आणि मी रागावलो की म्हणायचा, "दादा, समझ में तो आलं ना तुम्हाला?" पुढे तो कूलर दुरुस्त करू लागला. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसे. आमच्या कूलरची मोटर त्यानं तीनदा बांधून दिली, आणि तिन्ही वेळा माझं वाचन कसं चाललंय असं मलाच विचारून गेला. असा पोर.

एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, बाजारात गाडी काढण्यावरून त्याचं एका मोठ्या घरच्या तरुणाशी भांडण झालं. शब्दाला शब्द वाढला आणि डोक्यात लोखंडी टॉमी बसली, चाक खोलायची असते ती. इंदूरला नेईपर्यंत तो गेला. बावीस वर्षांचा होता.

दोन दुकानदारांनी सगळं पाहिल्याचं पोलिसांना सांगितलं. ज्याचं नाव घेतलं त्या तरुणाला आठवड्यानं पकडलं. त्याच दिवशी संध्याकाळी बाईला ठाण्यातून बोलावणं आलं. सुतक चालू, बाईला धड उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, मी येतो बरोबर. तिथे तिचा चार ओळींचा जबाब झाला आणि आम्ही निघणार एवढ्यात मुंशीनं मला थांबवलं. मुंशी म्हणजे ठाण्यातला लिखापढी करणारा हवालदार. मोठा अदबशीर माणूस.

"माट्साब, आप आ ही गए हो तो एक काम कर दो. छोरे ने आज टॉमी निकाल के दे दी, तिरला के पास उनके खेत पे, भूसे में दबा रखी थी. जब्ती का पंचनामा है. एक गवाह पानवाला है, पण उसको तो कोर्ट में सब जानते हैं, हर केस में वही रहता है. आप जैसे आदमी का दस्तखत हो तो केस पक्का."

"पण मी तिथे नव्हतो," मी म्हणालो. एवढं मी म्हणालो होतो, हे मला स्वतःला अजून सांगत राहावंसं वाटतं.

"अरे सर, माल तो सही है. गवाह कोई आता नहीं, क्या करें? किसी को दुकान खोलनी है, किसी को दुश्मनी से डर है. आप तो इनके घर के हो."

बाहेर बाकावर बाई बसली होती. दारातून तिची पाठ दिसत होती. मला वाटलं, तिच्या मुलासाठी मी दुसरं काय करू शकतो? स्वयंपाक येत नाही, रडणाऱ्याचं सांत्वन करता येत नाही. सही येते. मी पेन काढलं आणि सही केली, खाली तारीख घातली. कागद वाचला नाही. तीस वर्षं मी मुलांना बजावलं की उत्तरपत्रिका दोनदा वाचल्याशिवाय देऊ नका.

घरी येताना तिनं विचारलं, "काय होतं, दादा?" मी म्हणालो, "टॉमी सापडली. मी पंच आहे." तिनं रस्त्यातच माझ्या पायाला हात लावला.

खटला उभा राहायला चार वर्षं गेली. मधल्या काळात ती देवासला भावाकडे जाई, परत येई, तारखेला कोर्टात बसे आणि पुढची तारीख घेऊन घरी येई. मग साक्षी सुरू झाल्या आणि पहिला दुकानदार म्हणाला, मी तर शटर लावत होतो, पाठ होती. दुसरा म्हणाला, अंधार होता, कोण होतं दिसलं नाही. न्यायाधीशांनी दोघांना पक्षद्रोही, म्हणजे फितूर, ठरवलं. ठरवून काय होतं? संध्याकाळी दोघंही आपापल्या गल्ल्यावर बसले होते. मी त्यातल्या एकाकडून त्या दिवसापासून साखर घेणं बंद केलं, फार मोठा पराक्रम केल्यासारखं.

मग सरकारी वकिलांनी मला बोलावलं. टेबलावर गठ्ठेच गठ्ठे, त्यातून आमचा गठ्ठा शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. प्रयोगशाळेनं टॉमीवर माणसाचं रक्त असल्याचं लिहिलं होतं, कुणाचं ते सांगता आलं नव्हतं. "अब सब कुछ आप पर है, सर. टॉमी उसने खुद निकाल के दी, ये आपने देखा, बस."

मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी गठ्ठा परत बांधला. मग शांतपणे म्हणाले, "ये बात आपने मुझे बताई ही नहीं. समझे?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले. "न वाचता सही केलीत?" "हो." "आणि आता खोटं बोलणार?" मी म्हणालो, "नाही बोललो तर तो सुटेल." तिनं फक्त एक विचारलं, "त्या दिवशी दुपारी होतात कुठे तुम्ही?" मी म्हणालो, "रविवार होता. घरीच असणार." त्या सगळ्या आठवड्यातलं मला रडणं आठवत होतं, ठाण्यातली ती संध्याकाळ आठवत होती. दुपार काही आठवत नव्हती, आणि मी आठवायचा प्रयत्नही केला नाही.

मी खोटं बोलायचं ठरवलं आणि ते नीट बोलायचं ठरवलं. मास्तर माणूस. पंचनाम्याची नक्कल मागून घेतली, तीनदा वाचली, वेळ पाठ केली, अकरा चाळीस. मग एका सकाळी मोटरसायकल काढून तिरल्याला गेलो. त्यांचं शेत कुठलं ते विचारून घेतलं, रस्त्यावरूनच पाहिलं. सोयाबीनच्या भुशाचा ढीग होता, त्यामागे पत्र्याची खोली, विहिरीवर मोटर. दार कुठल्या दिशेला, झाडं किती, सगळं मनात टिपलं. चार वर्षांपूर्वी जिथे असायला हवं होतं तिथे मी आता उभा होतो आणि शाळेत तपासणीला साहेब येणार असल्यासारखी माझी तयारी चालली होती. लाज वाटली नाही. उलट वाटलं, हे तिच्या मुलाचं ऋण आहे.

साक्षीच्या दिवशी सकाळी बाई घरी आली. देवळातला अंगारा घेऊन आली होती, माझ्या कपाळाला लावला. "भ्यायचं नाही हं दादा. पंच म्हणजे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, तुम्हाला कशाची भीती?" मी मान हलवली. त्या क्षणी सांगता आलं असतं. मी चपला शोधत बसलो.

आरोपीचा वकील आमच्यातलाच, देवासचा मराठी मुलगा. बाहेर व्हरांड्यात दिसला तेव्हा "काका, तब्येत बरी ना?" म्हणाला. आत हिंदी. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना मी न अडखळता उत्तरं दिली. जीपमधून गेलो, आरोपीनं भुसा उकरला, टॉमी काढून दिली, माझ्यासमोर कापडात बांधून सील केली. पत्र्याची खोलीही सांगितली, विहीरही सांगितली. मागच्या बाकावर बाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. मला वाटलं, झालं.

मग आरोपीचा वकील उठला. भुशाबद्दल विचारेल असं मला वाटलं होतं, दिशेबद्दल विचारेल असं वाटलं होतं. त्यानं तसलं काही विचारलं नाही. "सर, ये दस्तखत आपके हैं?" पंचनामा. "हो." "और ये?" त्यानं दुसरा कागद पुढे केला.

देवासला आमच्या मराठी मंडळींची एक जुनी संस्था आहे. मी तिचा कार्यवाह होतो, हा वकीलही तिचा सभासद. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझं, आणि ते मी कसं लिहायचो याचं तिथे कौतुक होतं. सुरुवातीची वेळ, समाप्तीची वेळ, कोण उशिरा आलं, कोणत्या ठरावाला अनुमोदन कुणाचं. शेवटी माझी पल्लेदार सही. इतर संस्थांत हे महिनोन्महिने लिहिलं जात नाही. आमच्याकडे सभा संपायच्या आत लिहून व्हायचं, वाचून दाखवलं जायचं. तो कागद त्या रविवारचा होता. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची सभा, अकरा वाजता सुरू, दीड वाजता समाप्त, देवास.

तेव्हा मला सगळं आठवलं. सभा आधीच ठरली होती म्हणून, शेजारी सुतक असताना, मी सकाळच्या बसनं देवासला गेलो होतो. पाच वाजता परत आलो. आपण तिला सोडून गेलो याची टोचणी होती, म्हणून तर संध्याकाळी ठाण्यात लगबगीनं बरोबर गेलो होतो.

"सर, ये आपके ही हैं ना?"

एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन गावांत माझ्या दोन सह्या. दोन्ही माझ्या. मी "हो" म्हणालो. न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर खोट्या साक्षीची कारवाई करता आली असती, केली नाही. वयाची दया आली असावी. बाहेर आल्यावर तो वकील म्हणाला, "काका, माफ करा. माझं काम आहे." त्याच्यावर मला रागसुद्धा आला नाही. बाई बाकावरून उठली, माझ्याकडे न बघता निघून गेली.

दोन महिन्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. निकालपत्रात माझ्यावर एक परिच्छेद आहे, हिंदीत. त्यात मी विश्वासास पात्र नाही असं लिहिलं आहे. आता म्हणे नवा कायदा आलाय, जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरण करावं लागतं. चांगलं आहे. माझ्यासारख्याची गरज पडणार नाही.

निकालानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आली. बायकोचा ब्लाउज द्यायला आली होती. बायकोनं चहा ठेवला. मी आतल्या खोलीत बसून राहिलो होतो, तिनंच हाक मारली. "दादा, बाहेर या ना."

मी समोर बसलो. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"मी अपिलाचं नाही विचारत आहे," ती म्हणाली. "वकीलसाहेब बोलले, त्यात अब काही दम नाही. मला एक दुसरंच सांगा. ती टॉमी त्यानंच काढून दिली होती ना?"

"पोलीस तसं म्हणत होते."

"पोलीस म्हणत होते. पण मी तुमच्या भरवशावर मानलं. दुकानवाले पलटले तेव्हा माझा भाऊ बोलला, कुठे दुसऱ्यालाच तर नाही पकडलं? मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, दादांनी आपल्या डोळ्यांनी बघितलंय. चार वर्षं, दादा. कोर्टात त्या पकडलेल्या मुलाची आई समोर बसायची ना, तिला मी रोज तळतळाट दिले. तुझं पण असंच होऊ दे म्हटलं." तिनं ब्लाउजची घडी उगाच परत घातली. "आता रात की नींद गेली माझी. तो नसेल तर? मग माझ्या पोराला मारलं कुणी?"

बायको चहाचा कप घेऊन दारात थांबली होती. तोच होता, असं म्हणावंसं मला फार वाटलं. मनातून मलाही तसंच वाटतं, मुंशी खरं बोलत होता असं वाटतं. पण माझ्या वाटण्याला आता काय किंमत राहिली होती? तिला कुणाचा तरी राग करता यावा, एवढं तरी तिच्याकडे होतं. माझ्या सहीनं तेही गेलं.

"ताई, मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिरल्याला गेलोच नव्हतो."

तिनं ब्लाउज खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "हे तरी खरं आहे ना, दादा?"