बेअरिंगच्या चाकांवरचं तळं

कमळ लावावं असं मनात आलं, तेव्हा आधी मला लाजच वाटली. पिंपरीला चाळीत आमची एक खोली, पुढे सगळ्यांची मिळून गॅलरी. लोक डब्यात झेंडू लावत, कोथिंबीर पेरत. तळ्यातलं फूल कोण लावणार? माझ्या माहेरी गावाबाहेर तळं होतं, त्यात पांढरी कमळं फुलायची. ती मी लांबूनच बघितलेली. त्या पाण्याला आमच्या लोकांनी हात लावायचा नाही, असं तेव्हा होतं. पुढे आम्ही बौद्ध झालो, मी लग्न होऊन इकडे आले, पण ती फुलं मनातून गेली नाहीत.

शेवटी यांना सांगितलं. हे कंपनीत फिटर. खूप हसले. "बाईसाहेबांना तळं पाहिजे होय? करू की."

भंगारातून तेलाचं पिंप आणलं, मधोमध कापून घेतलं आणि हाताला लागू नये म्हणून कापलेली कड ठोकून आत वळवली. मी सोडा टाकून ते घासत बसले. पाण्यावर तेलाचे रंग दिसेनासे होईपर्यंत घासलं. माझ्या भावानं माहेरच्या त्याच तळ्यात उतरून कमळाचा गड्डा काढला आणि ओल्या पोत्यात गुंडाळून आणून दिला. जुन्या घमेल्यात चिकणमाती भरून त्यात तो रोवला, माती उठू नये म्हणून वर वाळू पसरली आणि घमेलं पिंपाच्या तळाशी ठेवलं. डास होऊ नयेत म्हणून नदीतले बारके मासे सोडले.

अडचण उन्हाची होती. आमच्या दारात ऊन नव्हतं. सकाळचं ऊन यायचं ते गॅलरीच्या टोकाला, शेवटच्या खोलीसमोर. मग यांनी लोखंडी पट्ट्यांची चौकट करून तिला रिजेक्ट बेअरिंगची चाकं बसवली. सकाळी खडखडत तळं टोकाला न्यायचं, ऊन सरलं की परत आणायचं.

शेवटच्या खोलीत मराठवाड्याकडचं कुटुंब होतं. तिथल्या वहिनी मोकळ्या स्वभावाच्या. तळं ठेवू का विचारताना माझी जीभ अडखळली, तर म्हणाल्या, "ठेवा की ओ ताई. ऊन काय आमच्या बापाचं हाय का?"

पानं धरली. एकदा तळं परत आणल्यावर तिकडे विसरलेला तांब्या घ्यायला गेले, तर वहिनी तळ्याच्या जागी पाणी टाकून खराट्यानं फरशी धूत होत्या. मला बघून दचकल्या. "धूळ लई होती ओ," म्हणाल्या.

यांना सांगितलं, तर म्हणाले, "चाकांचं ग्रीस लागत असेल. पुसत जा."

दुसऱ्या दिवशी चाकं रॉकेलनं पुसली, खाली धुतलेलं पोतं अंथरलं. डाग पडला नाही, थेंब सांडला नाही. परत आल्यावर दाराआडून बघत राहिले. वहिनींनी बादली आणलीच. तळं होतं तिथे पाणी टाकलं, आणि जिथे नुसती मी उभी होते तिथेही टाकलं. मग मला कळायचं काही राहिलं नाही.

मी तळं आमच्याच दारात ठेवू लागले. यांना काही बोलले नाही. बोलले असते तर हे भांडायला गेले असते, आणि चाळभर झालं असतं. पण पाण्याखाली एक कळी दिसत होती. ती वर येईना. पानं पिवळी पडायला लागली.

"तळं का आणंनात ओ ताई?" वहिनींनीच एकदा विचारलं. "कमळ बघायचंय आमाला." आवाजात खोट नव्हती. तेच मला जास्त लागलं.

कळीसाठी मी तळं पुन्हा तिकडे नेलं. ऊन सरल्यावर आणायला गेले, तेव्हा वहिनी बादली भरून दारातच उभ्या होत्या. मी जायची वाट बघत होत्या. त्या अवघडल्या, आणि मला ते बघवेना. तोंडातून निघून गेलं, "थांबा वहिनी, मीच धुऊन देते."

"कशाला ओ ताई," म्हणाल्या, पण बाजूला झाल्या.

मी घरून माझी बादली आणली आणि खाली बसून, मी उभी राहिलेली जागा धुतली. मग रोजच धुऊ लागले. मी गेल्यावर त्या पुन्हा धूत होत्या का, ते मी कधी वळून बघितलं नाही.

माझी आई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणी ओतेल तेव्हा पाणी. तिला तसं उभं केलं होतं. मला तर कुणी काही म्हणालं नव्हतं.

कळी रविवारी उमलली. सगळी चाळ बघायला आली. हे चाकं कशी बसवली ते सांगत होते. वहिनींचा आवाज सगळ्यांत मोठा, "आमच्या दारात फुललं बघा!"

"अगं, बाहेर ये की," यांनी हाक मारली. "तुझं कमळ आणि तूच आत?"

"भात लागेल," मी आतून म्हणाले. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता.