सेव्हचं बटण हरवलेले शिंदे काका

मंडळी, आज देवासच्या एका कारखान्यात मला आमच्याच सॉफ्टवेअरची लाज वाटली.

स्टोअरमधले शिंदे काका हळूच म्हणाले, "बाळा, माझ्या हातून सेव्हचं बटण हरवलं. तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. सगळं रजिस्टरमध्ये लिहितोय."

माउस जरा ओढला गेला की टूलबारवरून बटण गायब! परत आणायची सोय कुठल्याशा मेनूच्या तळाशी पुरलेली.

मी आमच्या डिझायनर साहेबांना फोन केला. ते हसून माळवी थाटात म्हणाले, "भिया, युजर को सीखना चाहिए. कस्टमाइज़ेशन है!"

कसलं डोंबलाचं कस्टमायझेशन? कुठलं बटण कुठे हवं हे यांना ठरवता येत नाही, म्हणून ते काम काकांच्या गळ्यात मारलं.

मी बटण परत आणलं, टूलबार लॉक केला. तर काकाच माझी माफी मागायला लागले. माफी कुणी मागायला हवी, सांगा?