पुढची दोन चाकं

म्हैसूरसारख्या सपाट, डांबरी गावात हिमालय चढायच्या तयारीने जगणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा घरमालक आहे. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या कमिटीवर जातात; काकांनी चारही चाकं ओढणारी जुनी जीप घेतली. ती आजवर भाजी मार्केट आणि दवाखान्यापलीकडे फारशी गेलेली नाही. तरी दर रविवारी सकाळी काका तिच्याखाली शिरतात आणि त्यांचे पाय तेवढे अंगणात उरतात. मी साताऱ्याहून नोकरीसाठी इथे आलो आणि त्यांचा भाडेकरू झालो, तेव्हापासून टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आहे. भाडेकरारात त्याचा उल्लेख नाही.

काका शाफ्ट हाताने हलवून पाहतात, डिफरन्शियलचं तेल बोटावर घेऊन हुंगतात. काकूंच्या आमटीला एवढा मान कधी मिळालेला नाही. स्टेपनी धरून पाचही टायरांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेत, आणि ते दर काही महिन्यांनी आपापसांत जागा बदलतात. "सगळे सारखे झिजायला पायजेत, नाहीतर आत गिअरची भांडणं होतात," हे त्यांनी हळदीकुंकवाला आलेल्या माझ्या बायकोलाही समजावलंय. शेवटी येतं हब. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर ही चकती असते. उतरून ती हाताने फिरवून लॉक केली नाही, तर चारही चाकांना जोर देणारा आतला दांडा कितीही ओढा, पुढची चाकं नुसती शोभेची. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

त्यात चाक ठेवण्याचं शास्त्र वेगळं. आमच्या दारासमोर गटारावर दोन फरश्या आहेत. रिक्षावाले त्यांवरून न बघता जातात. काका मला समोर उभं करून हातवारे करायला लावतात आणि मागे दूधवाला हॉर्न वाजवत थांबतो. "नोडी, आधी चाक कुठं ठेवायचं ते ठरवायचं, आमेले ऍक्सिलेटर!" नोडी म्हणजे बघा, आमेले म्हणजे नंतर; एवढं कन्नड मी त्यांच्याकडूनच शिकलो. देवळाच्या पायऱ्या उतरताना ते काकूंनाही "डावा आधी" असं सांगतात. तेव्हा काकू ज्या नजरेने पाहतात, ती मला पाहवत नाही.

काकांचा जावई हेब्बाळला आयटीत आहे. त्याची गाडी चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. त्याने जीपला गिऱ्हाईक शोधलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामांनी या वयात गाडीखाली शिरणं बरं नाही. तुम्ही समजवा." मी मान डोलावली. माझे रविवार मोकळे होणार होते, खोटं कशाला बोलू? काका त्याला एवढंच म्हणाले, "तिला एकदा खरं काम करू द्या की. एकदाच. आमेले न्या."

गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं आणि रविवारी तपासणी चालू असतानाच काकांच्या लेकीचा फोन आला. फोनमधल्या नकाशावर विश्वास ठेवून जावयाने कृष्णराजनगरजवळ कालव्याकाठचा जवळचा रस्ता धरला होता आणि गाडी भातखाचरात पोटापर्यंत रुतली होती. काका तपासणी अर्धी टाकून मला घेऊन निघाले. असं पहिल्यांदाच घडत होतं.

खाचराशी पोचल्यावर त्यांनी बांधावरच्या लोकांना मागे सारलं, जीप मागे घेत चिखलात उतरवली, दोर बांधला आणि सेनापतीच्या थाटात दांडा ओढला. मागची चाकं गरगर फिरली, चिखल जावयाच्या शर्टावर उडाला, आणि पुढची चाकं जागची हलली नाहीत. काकांनी पुन्हा जोर लावला. बांधावर कुणीतरी हसलं. जावई गालातल्या गालात हसत फोन काढून बघू लागला.

मी समोर उभा होतो. हब लॉक केलेले नव्हते. ज्या माणसाने ते मला शंभरदा शिकवलं, तो स्वतःच विसरला होता. खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"काका, थांबा! चाकापुढे दगड आहे," मी ओरडलो आणि चिखलात गुडघ्यांवर बसलो. डावं हब फिरवलं, मग उजवं. उठून हातवारे केले, "डावं चाक बांधाकडे, सावकाश!"

जीपने गुरगुरत ती चकचकीत गाडी ओढून काढली. लेकीने टाळ्या वाजवल्या. जावई शर्ट झटकत म्हणाला, "राहू दे मामा जीप. मी सांगतो त्या माणसाला."

डांबरी रस्ता लागल्यावर हबचं लॉक सोडायला काका उतरले. चाकाशी वाकले, आणि वाकलेलेच राहिले. हबवर माझी चिखलाची बोटं उमटली होती.

"हे मीच फिरवलं होतं, अल्ला? हो ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच की," मी म्हणालो, आणि हात पाठीमागे घेतले.

घरी काकूंना त्यांनी सगळी हकिकत सांगितली. त्यात हबचं नाव नव्हतं. पुढच्या रविवारी ते गाडीखाली गेले नाहीत. खुर्ची टाकून बसले आणि टॉर्च त्यांनी स्वतःच धरला. "आजपासून हब तुम्ही बघायचे," ते म्हणाले. "मला आता स्वल्प विसरायला होतंय. घरात सांगू नका."

मी गुडघे टेकले. हब कसं फिरवायचं ते त्यांनी मला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि मी काही ठाऊक नसल्यासारखं ऐकत राहिलो.