वेळेवाडीतले नऊ मिलिमीटर

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण शेवटी हसा. मध्येच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. कारण किस्सा गाढवपणाचा आहे, त्यातला गाढव मीच आहे, आणि त्या गाढवपणापायी एका गुणी पोरीचं नुकसान झालंय.

माझा धंदा ठाऊक आहे ना? नसेल तर ऐका. मच्छे गावातल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी पॅटर्न मेकर आहे. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करणारा. अठ्ठावीस वर्षं हेच काम. ‘शिवाचं माप म्हणजे माप’ असं आमच्याकडे बोललं जातं. बोललं जातं म्हणजे काय, मीच बोलतो. पण आजवर कुणी खोडून काढलं नव्हतं!

माझी थोरली बहीण, आक्का, खासबागात, विणकरांच्या वस्तीत राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पॉवरलूमवर साड्या विणतात. त्यांची मुलगी तेजू नववीत. दोन वर्षांपूर्वी दाजी निपाणीला साड्यांचा गठ्ठा पोचवून मोटरसायकलवरून परत येत होते. हायवेवर ट्रकनं उडवलं. पहिल्या दवाखान्यात हाडांचा डॉक्टर नव्हता. दुसऱ्यात मशीन बंद. तिसऱ्यात जागा नाही. चौथ्यानं घेतलं. दुसऱ्या दवाखान्यात मी तेजूला घेऊन पोचलो. तिथून पुढं ती गाडीत वडिलांचा हात धरून बसली होती. प्रत्येक दारातून गाडी मागे वळली की ती माझ्याकडे बघायची, आणि मी खिडकीबाहेर बघायचो. दाजींचा जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा आखडला. तेव्हापासून हातात काठी आली.

तर यंदा शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं. विषय ‘आदर्श शहर’. बाकीच्या पोरांनी मॉल केले, मेट्रो केल्या, कारंजी केली. आमच्या तेजूनं काय केलं? दवाखाने! तिच्या शहराचं नाव वेळेवाडी. प्रत्येक गल्लीला छोटा दवाखाना, हायवेच्या वळणावर प्रथमोपचाराची चौकी, आणि शहराच्या टोकाला मोठं ट्रॉमा सेंटर. तिथं रक्तपेढी, ऑपरेशन थिएटर, आणि हाडांचा डॉक्टर रात्रंदिवस हजर. रस्त्यात एक बारीक खाच. बॅटरीवरची अ‍ॅम्ब्युलन्स त्या खाचेतून हायवेवरून निघणार आणि थेट ट्रॉमा सेंटरच्या दारात शिरणार. अ‍ॅम्ब्युलन्सच्या आत स्ट्रेचर, त्यावर साडीच्या चिंधीचा बाहुला. त्याला काळ्या दोऱ्याची मिशी, हुबेहूब दाजींसारखी.

“ह्यो कोण गं?” मी विचारलं.

“आप्पा,” ती म्हणाली. वडिलांना ती आप्पाच म्हणते. “ह्या गावात आप्पा पैल्याच दवाखान्यात आत जाणार. आप्पांस्नी मला ते दाखवायचं हाय.”

ऐकून मला भरून आलं. आणि असं झालं की माणूस मदत करायला धावतो. इथंच चुकलं बघा!

“मामा, लाकूड तेवढं कापून द्या. बाकी माझं मी बघीन,” पोरगी म्हणत होती. पण मी ऐकतोय? घरात पॅटर्न मेकर असताना ट्रॉमा सेंटर पुठ्ठ्याचं? मी शाळेत जाऊन टीचरना विचारून आलो. लाकूडकाम मोठ्यांनी केलेलं चालतं म्हणाल्या. मग काय! मॉडेल दोन बोर्डांवर करायचं ठरलं, कारण एक अखंड बोर्ड रिक्षात मावला नसता. हायवे आणि गाव असलेला बोर्ड तेजू खासबागात करणार, ट्रॉमा सेंटरचा बोर्ड मी घरी करणार, आणि दोन्ही प्रदर्शनाच्या हॉलमध्येच जोडायचे. बोर्डाची रुंदी एकशेवीस सेंटिमीटर. खाच पुढच्या काठापासून बरोबर नव्वद सेंटिमीटरवर. तिनं वहीत लिहिलं, मी लक्षात ठेवलं.

त्या संध्याकाळी कारखान्यातून निघताना मी खणातली स्टीलची पट्टी पिशवीत टाकली. माझ्या खणात दोन पट्ट्या असतात, दिसायला जुळ्या बहिणी. त्यातली एक उचलली. हे एवढं ध्यानात ठेवा.

तीन आठवडे मी रोज संध्याकाळी राबलो. सागवानाच्या खिडक्या, खांब, पायरीऐवजी गुळगुळीत उतार. बायको म्हणाली, “आपल्या घराला येवढी खिडकी मागत्याय धा वर्सं.” मी लक्ष दिलं नाही. मोठ्या कामात घरच्यांची कुरकुर असायचीच.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत आले होते. आम्ही दोन्ही बोर्ड टेबलावर ठेवले, पुढचे काठ जुळवले, आणि बघतो तर काय? मागच्या बाजूला माझा बोर्ड बोटभर बाहेर! आणि जोडावर तेजूची खाच एकीकडे, माझी एकीकडे. रस्ता दवाखान्याच्या भिंतीवर आपटत होता.

“तेजू, आखूड कापलीस गं!”

“न्हाय मामा. तीनदा मापलंय.”

“तीनदा मापलं म्हंजे तीनदा चुकलं!”

तिनं कंपासपेटीतली पट्टी काढून मापलं. “नऊ मिलिमीटरचा फरक हाय. मामा, तुमचा बोर्ड तेवढा पुढं सरकवू. खाचेला खाच लागंल. अ‍ॅम्ब्युलन्स जाईल की.”

एवढं सोपं होतं! नववीतल्या पोरीला सुचलं. पण तसं केलं तर पुढचा काठ वेडावाकडा दिसणार, आणि लोक काय म्हणणार? शिवाला माप येत नाही!

“चुकीच्या कामाला ठिगळ लावायचं न्हाय,” मी म्हणालो, आणि पिशवीतून पटाशी काढली. तिच्या बोर्डावरची, तिनं चार दिवस घासून गुळगुळीत केलेली खाच मी उकरायला लागलो. माझ्या खाचेला मिळवायला म्हणून तिच्या रस्त्याला एक वळण पाडलं. ती “मामा, नगो. मामा, थांबा,” म्हणत होती. लाकडाचे कपचे तिच्या गावावर उडत होते. एक दवाखाना त्यातच आडवा झाला.

तेवढ्यात परीक्षक आले. त्यात एक बाई चिकोडीच्या होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. तेजूनं डोळे पुसले, माहिती सांगितली. काय सुंदर सांगितली हो! अपघातानंतरचा पहिला तास किती मोलाचा, हे सांगताना तिचा आवाज जराही कापला नाही. बाई मान डोलवत होत्या. दाजी एक पाऊल पुढे सरकून उभे राहिले.

बटण दाबलं. अ‍ॅम्ब्युलन्स हायवेवरून निघाली, चौकी ओलांडली, बाजार ओलांडला, आणि ट्रॉमा सेंटरच्या दारापाशी, मी पाडलेल्या वळणावर येऊन कलंडली. मागचं दार उघडलं. मिशीवाला आप्पा घरंगळत रस्त्यावर येऊन पडला.

“याके बित्तु?” बाईंच्या तोंडून कन्नडातच निघालं. का पडली, हे कन्नडात विचारा नाहीतर मराठीत, जिव्हारी सारखंच लागतं.

आता शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. मी काय केलं? सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो, “मॅडम, हा दवाखान्याचा भाग बघा. हा मी केलाय. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. ह्यात एका रेघेची चूक सापडली तर माझं नाव बदला. माप चुकलंय ते पोरीचं!”

बाईंनी चष्मा काढला. “मग स्पर्धेत कोण आहे? तुम्ही, की ही?”

मी पटाशी पिशवीत घातली.  तेजूनं वाकून बाहुला उचलला, त्याच्यावरचा भुसा झटकला आणि खिशात ठेवला. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आसू दे गं. दारापातूर तर आलो की.”

जिल्ह्याच्या प्रदर्शनाला दुसऱ्याच शाळेचं कारंजं गेलं.

आणि मी? मी रिक्षात बसून सगळ्यांना माप कसं घ्यावं ते समजावत होतो. आज आठवलं की वाटतं, त्या रिक्षावाल्यानं मला वाटेतच का उतरवलं नाही?

पुढच्या आठवड्यात कारखान्यात सुपरवायझर माझ्या टेबलापाशी आला. “शिवाण्णा, तुमच्या नव्या पॅटर्नवरनं मशीनची कव्हरं ओतली. एक बी बसंना. बारकी आल्यात.”

“मोल्डिंगवाल्यांस्नी इचारा. माझं माप...”

म्हणता म्हणता मी खण उघडला. आत एकच पट्टी. साधी.

आता तुम्हाला त्या जुळ्या बहिणींचं सांगायला हवं. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं. म्हणून आम्ही लाकडी नमुना जरा मोठा करतो. त्यासाठी आमच्याकडे खास पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरहून शंभराव्या भागानं मोठा. नव्वद सेंटिमीटर मापलेत की नऊ मिलिमीटर जास्त. आलं ध्यानात? ती पट्टी मी घरी नेली होती. साधी कारखान्यात ठेवली होती. कारखान्याची कव्हरं बारकी झाली आणि वेळेवाडीचं ट्रॉमा सेंटर मोठं झालं. पोरीनं तीनदा मापलं होतं, आणि तिन्ही वेळा बरोबर मापलं होतं.

मी खण लावून घेतला.  त्याच संध्याकाळी खासबागला जायला हवं होतं ना? नाही गेलो. कारखान्यातली चूक निस्तरली, पण तेजूला सांगणं उद्यावर टाकलं. उद्याचा परवा झाला. महिना गेला. आता उकरून काय उपयोग, निकाल तर लागून गेला, असं मी मलाच समजावत होतो. त्या महिन्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पट्टीची चूक कुणाचीही होईल हो, पण गप्प बसलो तो माझ्या मनानं.

मग आक्काचा फोन आला. “शिवा, तेजूला जरा समजाव रं. म्हणत्या, मला साधं मापाय बी येत न्हाय, मी फुडं सायन्स घेणार न्हाय. पट्टीच हातात धरंना झाल्या.”

फोन ठेवला आणि तसाच निघालो. कुंद्याच्या मिठाईचा डबा घेतला, पट्टी घेतली. आक्का बाहेर गेली होती, दाजी मागावर साडी विणत होते. तेजू स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं कंपासमधली पट्टी आणली, दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. एकेका रेघेवर नख टेकवत शेवटपर्यंत गेली.

“म्हंजे माझं बरोबर हुतं.”

“व्हय.”

“तुमाला कवा कळलं?”

मी कुंद्याचा डबा पुढे केला. तिनं घेतला नाही.

“महिना झाला,” मी म्हणालो. “चुकलो गं तेजू. माफ कर मला.”

“मामा, वराडलासा हॉलभर लोकांपुढं. आन माफी हितं, भाजीपाशी?”

“मग काय करू?”

तिनं माझी पट्टी बोटानं ठोकली. “तुमीच म्हणालासा की आत्ता. थंड झालं की आटतंय. मग माफी बी जरा मोठी मागाय पायजे.”

दोन दिवसांनी तिच्या शाळेत प्रार्थनेनंतर मी उभा होतो. समोर सगळी शाळा, हातात पट्टी.  सांगितलं सगळं. पोरीचं माप बरोबर होतं, माझं चुकलं होतं, तिचा रस्ता मी उकरला, आणि खरं कळूनही महिनाभर तोंड उघडलं नाही. पोरं आधी हसली, पण शेवटी टाळ्या वाजल्या. तेजू रांगेत मान ताठ करून उभी होती. जिल्ह्याचं प्रदर्शन मात्र होऊन गेलं होतं. ते काही मला परत आणता आलं नाही.

संध्याकाळी खासबागात मागाच्या खोलीत आम्ही दोन्ही बोर्ड मांडले. मी पाडलेलं वळण तिनं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलं होतं, जुनी खाच सरळ केली होती. माझा बोर्ड नऊ मिलिमीटर सरकवला. बटण दाबलं. अ‍ॅम्ब्युलन्स हायवेवरून निघाली, चौकी ओलांडली, बाजार ओलांडला, आणि सरळ आत गेली.

दाजींनी माग बंद केला होता. आखडलेल्या पायावर हात फिरवत ते म्हणाले, “पोचलो म्हणायचं.”

आक्कानं डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं. आणि भरून आलं की मी बोलतो, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

“दाजी, सकाळी तुमी शाळेत पायजे हुतासा! काय भाषण झालं म्हणता! टाळ्या थांबंनात. टीचर म्हणाल्या, अशी चूक कबूल करायला लई मोठं मन लागतंय. तसं मन हाय म्हणा आपलं. दुसरा कोण आसता तर...”

तेजू गुडघ्यावर बसून स्ट्रेचरवरचा बाहुला अलगद बाहेर काढत होती. तिनं मानही वर केली नाही.

“आप्पा, बगितलासा? सकाळची माफी. आटली.”