हॉवीसनं पोटात ठेवलेलं

हॉवीसच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं अख्खं गाव म्हणायचं, आणि ते खोटं नव्हतं. बार्लीची बीअर गाळायची, तयार झाल्याची खूण म्हणून दाराबाहेर काठीला झुडपाची फांदी बांधायची, आणि पेल्यागणिक एक बातमी द्यायची, हा तिचा धंदा. कुणाच्या सुनेला दिवस गेले हे सासूच्या आधी हॉवीसला ठाऊक. अशा बाईच्या पोटात देवानं काय ठेवायला द्यावं! त्याचे खेळ त्यालाच माहीत.

नवरा कधीच वारलेला. एकुलता एक मुलगा हॅमो, तो चर्चमध्ये झाडलोट करायचा, घंटा वाजवायचा. त्या वर्षी ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीसाठी गावानं मधाच्या पोळ्या-पोळ्यांतून जमवलेलं मेण चर्चच्या पेटीतून नाहीसं झालं. पेटीची किल्ली शेजारच्या ऑझबर्टकडे असायची. गावातला भला माणूस. तो म्हणाला, "हॅमोला पेटीपाशी घुटमळताना पाहिलं मी." झालं! कोण विचारतंय पुढं? पोराला चर्चसमोर दिवसभर पाय लाकडी खोड्यात अडकवून बसवलं.

हॉवीस बीअरची बादली घेऊन तिथूनच चालली होती.

"आई, घोटभर दे ना गं," तो म्हणाला. "मी नाही चोरलं."

चार लोक बघत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "चोराला माझ्याकडे बीअर नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली आणि पुढं गेली. संध्याकाळी त्याला सोडलं तेव्हा घराचं दार आतून लावलेलं होतं. त्यानं दोनदा ठोठावलं. मग तो गाव सोडून गेला. गाव ज्याच्या मालकीचं त्या धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडणं हा आणखी एक गुन्हा, म्हणजे परतीची वाटही बंद.

चार वर्षांनी ब्रिस्टलकडून तो रोग आला. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, आणि तीन दिवसांत माणूस खलास. पाद्री पहिल्याच महिन्यात गेला. त्याच्या जागी आलेला आठवडाभर टिकला. तिसरा आलाच नाही. लोकांना मरणाची भीती होतीच, पण पाद्र्यापुढं पापं कबूल न करता मरून नरकात जायची त्याहून जास्त होती. मग बिशपचं पत्र आलं. पाद्री मिळत नसेल तर मरणाऱ्यानं कुणाहीपुढं कबुली द्यावी, पुरुष नसेल तर बाईपुढंसुद्धा. मात्र ऐकणाऱ्यानं ते स्वतःच्या मरणापर्यंत कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर पाद्र्यानं फोडल्याइतकंच मोठं पाप.

हॉवीसची गाठ फुटून ती वाचली होती. तिला पुन्हा काही होणार नाही म्हणून सगळे तिलाच बोलवायला लागले.

"हिला सांगायचं?" ड्रू कुंभार तापात फणफणत असतानाही हसला. "अगं बाई, मी थंड व्हायच्या आत गावभर होईल!" आणि मग रडत रडत सगळं सांगितलं. असे एकोणीस जण. अकरावा ऑझबर्ट.

"मेण मी विकलं, हॉवीस," तो म्हणाला. "पोरीचं लग्न होतं. तुझ्या पोराचं नाव घेतलं. गरीब गाय होता तो, उलटून बोलणार नाही वाटलं."

हॉवीसचा हात त्याच्या कपाळावर होता. तिनं तो काढून घेतला. ऑझबर्ट घाबरून रडायला लागला, तसा परत ठेवला. "देव क्षमा करो," एवढंच म्हणाली.

उन्हाळ्याच्या अखेरीस रोग ओसरला. गाव निम्मं उरलं होतं आणि उभं पीक शेतात गळत होतं. धन्याचा जो कारभारी कधी घोड्यावरून उतरत नव्हता, तो आता दारोदार पायी फिरून "कापणीला येता का हो?" म्हणू लागला. कारभाऱ्याच्या तोंडी 'येता का हो'! लोकही काही कमी नव्हते. जेवणात मांस असेल तर बघू, म्हणाले. पळून गेलेल्यांना निरोप धाडले, या, कुणी काही विचारणार नाही. तसा हॅमो आला.

"चोर तर चोर!" कारभाऱ्यानं त्याची पाठ थोपटली. "दोन हात धड आहेत ना? ये बाबा, ये." सगळे हसले. 'मेणचोर' हे नावच पडलं, आणि लोक ते लाडानं घ्यायचे. हॅमोला ते खोड्यापेक्षा जास्त लागायचं.

हॉवीसनं पेला काठोकाठ भरून त्याच्यापुढं ठेवला.

"तू चोरलं नव्हतंस, बाळा."

"आज कळलं?"

"कळलं."

"कसं?"

"आई आहे मी तुझी."

"तेव्हा कोण होतीस?" तो म्हणाला. "माणसं उरली नाहीत म्हणून कारभाऱ्याला चोर चालतो. तू एकटी पडलीस म्हणून तुलाही चालतो. उगाच गोड बोलू नकोस."

ती गप्प राहिली. हॉवीस, आणि गप्प!

कापणी संपत आली तेव्हा तो पुन्हा दारात उभा राहिला. कुणीतरी त्याला एकोणीस जणांची गोष्ट सांगितली होती. "ऑझबर्टच्या उशाशी तूच होतीस ना? माझ्याबद्दल काही बोलला तो?"

दोन शब्दांचं काम होतं. दोन शब्दांत पोरगं परत मिळालं असतं. हॉवीसनं डावानं मडक्यातली बीअर पेल्यात ओतली आणि पेला त्याच्यापुढं ठेवला.

"मला कुणाचं काही आठवत नाही," ती म्हणाली.

पेला तसाच ठेवून तो कापणीवाल्यांच्या टोळीबरोबर पूर्वेकडे गेला, जिथं मजुरी जास्त होती तिथं. आता कुणीही कुठंही जाऊ शकत होतं. पूर्वी धनी माणसं बांधून ठेवायचा, वाईटच होतं ते, पण मुलं निदान आईच्या डोळ्यांपुढं असायची.

बारा वर्षांनी रोग पुन्हा आला, आणि या खेपेला त्यानं हॉवीसलाही सोडलं नाही. नवा पाद्री वेळेवर पोचला. बायको गेल्यावर पाद्री झालेला साधा माणूस होता.

"एकोणीस जणांचं पोटात ठेवलंत, काकू," तो म्हणाला. "देव ते विसरणार नाही."

"ते जाऊ द्या हो, फादर. माझं पोरगं खोड्यातून म्हणालं, मी नाही चोरलं. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला काय झालं होतं मला? मला मेलीला ते दुसऱ्याच्या तोंडून..."

ती दचकून थांबली. तोंडावर हात दाबला.

"दुसऱ्याच्या म्हणजे?"

तिनं मान हलवली. डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळलं, पण हात काही तिनं काढला नाही. बऱ्याच वेळानं काढला आणि म्हणाली, "त्याला तहान लागली होती, आणि मी प्यायला दिलं नाही. एवढंच लिहा माझ्या नावावर."